ओट्यावरचे लोणी

गेल्या मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात लोण्यावरून तीन दिवस अबोल भांडण चालले होते. अबोल अशासाठी, की भांडणाऱ्या दोघीही स्वतःला समजूतदार समजणाऱ्या. एक मी आणि दुसरी माझी सून. मुलगा, सून आणि नातू टोरांटोहून सुट्टीला पुण्यास आले होते. नातवाला सकाळी पाव लागतो आणि पावावर सुरी फिरवताच पसरेल असे मऊ लोणी लागते. म्हणून सूनबाईने विकतच्या पिवळ्या लोण्याची वडी झाकणाच्या चिनी मातीच्या बशीत काढून ओट्यावर ठेवली. मी ती उचलून फ्रीजमध्ये टाकली. दुपारी पाहते तो बशी पुन्हा ओट्यावर! मी पुन्हा आत ठेवली. असे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी ती हसून म्हणाली, "आई, आमच्याकडे आठवडाभर बाहेरच असतं लोणी. काही होत नाही त्याला. तुम्ही उगाच काळजी करता."

मी म्हटले, "बरं बाई, राहू दे."

गंमत पुढेच आहे. माझी समजूत पटली असे वाटून तिने त्याच दिवशी माझे घरचे पांढरे लोणीही फ्रीजमधून काढले. नातवाला थालीपिठाबरोबर वाढले आणि उरलेली वाटी त्या पिवळ्या बशीशेजारी मांडून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटीला आंबूस वास येत होता. बोटाला लावून चाखले, तर जिभेच्या मागल्या टोकाला कडू. शेजारची पिवळी बशी मात्र उष्म्याने बसकी झाली होती, एवढेच; चवीला फरक नाही. एकच ओटा, एकच उन्हाळा, दोन्ही दुधाचेच, आणि एकाने दिवसभरात दम सोडावा व दुसऱ्याने धरून ठेवावा! बिचारी सूनबाई ओशाळली. पण माझ्या डोक्यात जो भुंगा शिरला तो काही केल्या बाहेर पडेना. भांडणात आम्ही दोघीही बरोबर होतो, पण आपापल्या लोण्यापुरत्या, हे ध्यानात यायला मला थोडे वाचावे लागले आणि पुष्कळसे आठवावे लागले.

लोणी म्हणजे नुसते स्निग्ध नव्हे. विकतच्या टेबल-लोण्यात आपल्याकडील नियमाप्रमाणे निदान ८० टक्के दुधाचे स्निग्ध असावे लागते. पाणी १६ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही, मीठ ३ टक्क्यांपेक्षा अधिक नाही. आता जंतूंचे असे आहे, की त्यांना वाढायला पाणी हवे. निव्वळ तुपात त्यांचा संसार चालत नाही. तेव्हा लोण्यात त्यांना जे बिऱ्हाड करायचे ते त्या १६ टक्के पाण्यात. पण कारखान्यात लोणी यंत्राने असे मळतात, की हे पाणी डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक थेंबांत विखुरते. बहुतेक थेंब एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. चाळीत हजारो खोल्या असाव्यात आणि एकीलाही दार नसावे, तसा हा प्रकार. एखाद्या खोलीत जंतू सापडलाच, तर आत अन्न चिमूटभर, आणि शेजारी जायला वाट नाही.

शिवाय मीठ. शंभर ग्रॅम लोण्यात अडीच ग्रॅम मीठ हे ऐकायला थोडे वाटते. परंतु मीठ काही स्निग्धात विरघळत नाही. ते सगळे त्या सोळा ग्रॅम पाण्यात उतरते. म्हणजे थेंबातले पाणी झाले सुमारे १३ टक्के खारट. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असते. लोण्यातला थेंब समुद्राच्या जवळजवळ चौपट खारा! लोणच्याची बरणी ज्या जोरावर वर्षभर टिकते, तोच हा जोर. त्यात मूळची साय पाश्चरीकरण केलेली, म्हणजे ठराविक उष्णता देऊन रोगजंतू मारलेली. एवढ्या बंदोबस्तात सूनबाईची वडी दोन दिवस तग धरते यात नवल ते काय?

आता आपले घरचे लोणी पाहू. दूध तापवलेले, त्यामुळे साय निघताना स्वच्छच असते. पण पुढे ती आठ दिवस साठते, तिला विरजण लागते, मग रवीने नाहीतर मिक्सरने घुसळण होते. लोणी वर आले की आपण ते हाताने गोळा करतो आणि नळाच्या पाण्याने धुतो. हाताने मळलेल्या या लोण्यात पाण्याचे थेंब मोठे राहतात, कुठे कुठे तर चांगली तळीच असतात. तिथे ताकाचा अंश असतो, म्हणजे साखर आणि प्रथिने, जंतूंचे आयते पंचपक्वान्न. मीठ मुळीच नाही. दारे सताड उघडी, जेवण तयार, पहारेकरी रजेवर! मराठीत पांढऱ्याला लोणी आणि पिवळ्याला बटर किंवा मस्का म्हणतात, त्याला मी आजवर निव्वळ इंग्रजी मिजास समजत होते. आता वाटते, दोन वस्तूंना दोन नावे असलेलीच बरी.

लोणी बिघडते म्हणजे नेमके काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. स्निग्धाचा प्रत्येक कण म्हणजे ग्लिसरिनच्या दांड्याला लटकलेली तीन आम्ले. लटकलेली असतात तोवर ती गरीब असतात, त्यांना वासही येत नाही. जंतूंच्या पाचकरसाने एखादे सुटले, की ते आपला गुण दाखवते. दुधाच्या स्निग्धातले सर्वांत छोटे आम्ल ब्युटिरिक. ते सुटले की ओकारीसारखा दर्प येतो. त्याचे नावच मुळी लोण्याच्या लॅटिन नावावरून पडलेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिशेल शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते लोण्यातून वेगळे काढले. हा गृहस्थ पुढे १०२ वर्षे जगला. त्याच्या घरी लोणी कसे ठेवत, ते विचारून ठेवायला हवे होते!

दुसरा बिघाड जंतूंवाचूनच होतो. हवेतला प्राणवायू आणि उजेड मिळून स्निग्ध खवट करतात. तांब्याचा अंश असला तर हे काम झपाट्याने उरकते. लोणी कल्हईच्या भांड्यात ठेवा, कल्हई उडालेल्या पितळेत नको, असे आमच्या सासूबाई बजावत, ते याच कारणाने योग्य होते. आणि खिडकीतल्या काचेच्या भांड्यात लोण्याचा गोळा कितीही शोभिवंत दिसला, तरी ती जागा त्याची नव्हे.

सासूबाईंचे नाव निघाले म्हणून सांगते. १९७१ साली लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले, तेव्हा आमच्या मजल्यावर कोणाकडेच फ्रीज नव्हता. लोणी चिनी मातीच्या सटात, पाण्यात बुडवून, फडताळाच्या तळच्या खणात ठेवायचे. पाणी रोज सकाळी बदलायचे, उन्हाळ्यात दोनदा. कोणी त्या पाण्यात चिमटीभर मीठ घालत. माझ्या माहेरी नगरकडे तर गोळा आंबट ताकातच तरंगत ठेवीत. पाण्यामुळे हवा लागत नाही, गोळा थोडा गार राहतो, आणि रोजच्या बदलाने वाढते जंतू वाहून जातात. ताकाचा आंबटपणाही पुष्कळ जंतूंना मानवत नाही. माहेरी मातीचे मडके असे. त्याच्या अंगातून पाणी झिरपून सुकते आणि आतले गार होते. पण ही किमया नगरच्या कोरड्या हवेतली. मुंबईच्या दमट हवेत घामच वाळत नाही, तिथे मडके काय वाळणार!

आणि मुख्य म्हणजे, लोणी साठवून ठेवणे हा त्या बायकांचा हेतू नव्हताच. आठ दिवसांचे लोणी झाले की ते कढवायचे. तुपात पाण्याचा अंश अर्धा टक्काही राहत नाही. बेरी गाळून निघते. बिऱ्हाडच मोडले म्हटल्यावर भाडेकरू राहणार कुठे? पाण्यातले लोणी हा तुपाकडे जातानाचा मुक्काम होता. आपण तो मुक्कामच घर समजतो.

हे मला तेव्हा कळत नव्हते. लग्नानंतरची दुसरी दिवाळी. चकल्यांच्या मोहनाला घरचेच लोणी घालायचे असा माझा हट्ट, म्हणून दहा दिवस जमवले. ऐन शेवटच्या दोन दिवसांत मुलाला ताप भरला आणि पाणी बदलायचे राहून गेले. ऑक्टोबरचा उष्मा तर ठाऊकच आहे. सटाचे झाकण काढले तेव्हा वास आला. पण बाजारातून लोणी आणायचे तर महिनाअखेर. मनाला समजावले, की तळल्यावर जाईल वास. दोन किलो भाजणीत ते घातले. चकल्या काटेरी, खुसखुशीत, रंगाने सोन्यासारख्या. आणि तोंडात घातल्या की मागून तीच कडवट चव. तो वास काही बाहेरून लागलेला नसतो, स्निग्धातलेच आम्ल सुटलेले असते. तळणाने नाही जात, आणि अशा लोण्याचे तूप केले तरी तुपातून पुरता जात नाही. सासूबाईंनी एक चकली सावकाश, सबंध खाल्ली, आणि म्हणाल्या, "शेजारी ताट पाठवताना लाडू नि करंज्याच ठेव हो." दुसरा शब्द नाही. आमच्या घरी ती दिवाळी अजून 'चकल्यांची' म्हणून ओळखतात.

विकतच्या लोण्याची बाजू घेताना मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. टोरांटोच्या स्वयंपाकघरात २०-२१ अंश असतात. पुण्यात मेमध्ये ३४-३५. लोण्याचे स्निग्ध ३२ ते ३५ अंशांच्या आसपास बहुतेक वितळते. आणि एकदा वितळले की ती हजार बंद खोल्यांची चाळ कोसळली. बारीक थेंब एकत्र येऊन पाणी खाली बसते. पुन्हा गार केले तरी लोणी रवाळ होते, मूळचे होत नाही. फ्रान्समध्ये लोणी घंटेसारख्या झाकणात दाबून ती घंटा पाण्यावर पालथी घालतात. हवा लागत नाही नि लोणी मऊ राहते. कल्पना मोठी सुबक, पण आपल्या उन्हाळ्यात लोणी घंटेतून सुटून पाण्यात डुंबायला लागेल. अमेरिकन शेतीखात्याचा सल्लासुद्धा दोन दिवसांत संपेल तेवढेच बाहेर ठेवा असा आहे, आणि तोही त्यांच्याकडच्या हवेतला.

मग इराण्याच्या हॉटेलात मस्क्याचा डबा उघडाच कसा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गिऱ्हाइकांच्या रांगेत आहे. तिथले लोणी टिकत नव्हते, संपत होते. मुंबईकरांच्या जिभेला लोण्याची एक विशिष्ट आंबूस-खारट चव लागली होती, तीही सहज सुटली नाही. आणंदच्या सहकारी संघाने १९५५ च्या सुमारास ताज्या सायीचे लोणी 'अमूल' नावाने आणले, तेव्हा पोल्सनला सरावलेल्या लोकांना ते सपक वाटले, अशी आठवण वर्गीस कुरियन यांनी सांगितली आहे.

आणखी एक, ते जरा गंभीरपणे सांगते. लोण्याने सहसा कोणी आजारी पडत नाही हे खरे. चव आधी बिघडते, आणि चवच सावध करते. परंतु १९९८-९९ मध्ये फिनलंडमधल्या इस्पितळांत पाश्चरीकरण केलेल्या लोण्यातून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला आणि सहा रुग्ण दगावले. हा जंतू थंडीतही वाढतो, आणि चवीवरून ओळखू येत नाही. घरात गर्भवती, तान्हे मूल, किंवा मोठ्या आजारातून उठलेले माणूस असेल, तर न तापवलेल्या दुधाचे लोणी त्यांना देऊच नये, आणि घरचे पांढरे लोणी ताज्या दिवशीचे तेवढे द्यावे. बाकीचे कढवावे.

आमच्या घरी आता असे चालते. पिवळ्या लोण्याची वडी फ्रीजमध्ये, घट्ट झाकलेली, कारण लोणी शेजारच्या कांद्याचा वास चटकन उचलते. रात्री निजताना त्यातला सकाळपुरता तुकडा कापून झाकणाच्या बशीत, शेगडीपासून दूर ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये रात्रीऐवजी सकाळी उठल्यावर. पाव भाजून होईतो मऊ होतो. सुरी कोरडी आणि स्वच्छ. जॅमची सुरी लोण्यात गेली की जंतूंना शिधा पोचलाच. पांढरे लोणी उकळून गार केलेल्या पाण्याने, धुवण स्वच्छ निघेतो धुवायचे, आणि पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये; तिसऱ्या-चौथ्या दिवशी कढई चढवायची. फार झाले तर गोळा बर्फाच्या कप्प्यात.

सूनबाई जाताना ती चिनी मातीची बशी मला देऊन गेली. परवा फोनवर विचारत होती, "आई, यंदा चकल्यांना लोणी घालणार का?" घालणार आहे. साय जमते आहे, पण ती घुसळणार भाजणी भिजवायच्या दिवशी सकाळी.