परसोजी भोसल्यांचा खून व भंडारा प्रांत

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यांतील परसोजींच्या खुनाचें प्रकरण वाचकांच्या परिचयाचें आहे. परंतु त्याचा शेवटचा धक्का भंडारा प्रांतास कसा बसला, आणि त्या काळचा मोडी कागद हातीं आल्यास तो कोणत्या सावधगिरीनें वाचावा, याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दुसरे रघूजी भोसले ता. २२ मार्च १८१६ रोजीं वारले. त्यांचे पुत्र परसोजी अंध व व्याधिग्रस्त होते. सबब कारभार कोणीं करावा हा तंटा उत्पन्न झाला. एका पक्षांत परसोजींची सावत्र आई बाकाबाई व धर्माजी भोसले हीं होतीं. दुसऱ्या पक्षांत रघूजींचे पुतणे मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब होते. अप्पासाहेबांनीं धर्माजींस कैद केलें व ते कैदेंतच मारले गेले. त्याच वर्षीं मे महिन्यांत अप्पासाहेबांनीं इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह करून आपली बाजू बळकट केली. पुढें ता. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं सकाळीं परसोजी वाड्यांत मृत आढळले. अप्पासाहेब त्या वेळीं चांद्याकडे होते. परसोजींची स्त्री काशीबाई सती गेली व गादी अप्पासाहेबांस मिळाली.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रेसिडेंट जेंकिन्स यानें त्या वेळीं अप्पासाहेबांस गादीवर बसण्यास हरकत केली नाहीं. नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली, आणि मार्च १८१८ मध्यें अप्पासाहेबांस अटक झाली, तेव्हांच परसोजींस गळा दाबून मारविल्याचा पुरावा उघडपणें पुढें आला. आरोप खोटा होता असें यावरून ठरत नाहीं. परंतु तो राज्यच्युतीच्या वेळीं मांडला गेला हें नाकारतां येत नाहीं. उघड न्यायचौकशी तर कधींच झाली नाहीं.

अप्पासाहेबांस प्रयागाकडे नेत असतां मे १८१८ मध्यें जबलपूरच्या बाजूस पहाऱ्यांतील शिपाई फोडून, शिपायाच्या वेषानें ते निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनीं त्यांस आश्रय दिला व चितू पेंढारीही त्यांस मिळाला. त्यांच्या धरपकडीसाठीं इंग्रजांनीं बक्षीस लाविलें.

याच सुमारास अप्पासाहेबांच्या पक्षाचा उठाव वैनगंगेच्या खोऱ्यांत झाला. कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल यानें शस्त्र धरिलें. कॅप्टन गॉर्डन यानें त्याच वर्षीं कामठा हल्ल्यानें घेतला. पटेलाची जमीनदारी दुसऱ्याकडे गेली. पवनीचा किल्लाही १८१८ मध्येंच इंग्रजांनीं हल्ला करून घेतला. हा कामठा नागपूरजवळची कामठी छावणी नव्हे. तो पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत होता व १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत मोडतो. नांवांच्या या साम्यामुळें कागदांची वर्गवारी चुकण्याचा संभव आहे.

इकडे पाठलाग चालूच होता. १८१९ मध्यें अप्पासाहेब अशीरगडाकडे गेले. इंग्रजांनीं तो गड एप्रिलमध्यें घेतला, परंतु ते आंत सांपडले नाहींत. पुढें ते लाहोरकडे रणजितसिंहाच्या राज्यांत गेले, आणि शेवटीं जोधपूरच्या मानसिंहानें त्यांस आश्रय दिला. मानसिंहानें त्यांस इंग्रजांच्या स्वाधीन केलें नाहीं. १८४० मध्यें ते तेथेंच वारले.

तात्पर्य, आरोपी हातीं लागून निर्णय असा झालाच नाहीं. म्हणून या प्रकरणांत कागदाच्या मजकुराइतकेंच त्याच्या मितीस महत्त्व आहे. परसोजींचा मृत्यु शके १७३८ मधील; अप्पासाहेबांची अटक शके १७३९ च्या अखेरची; कामठ्याचा पाडाव शके १७४० मधील. अटकेनंतर लिहिलेल्या कागदांत खुनाचा उल्लेख असल्यास तो नव्या सरकारच्या बोलण्याचा केवळ प्रतिध्वनि असूं शकेल. परंतु अटकेपूर्वींच्या एखाद्या खासगी पत्रांत, जमाखर्चाच्या फर्दांत वा सावकाराच्या वहींत संशयाचा एक शब्द जरी आढळला, तरी त्याची किंमत मोठी आहे. भंडारा, पवनी, कामठा येथील जुन्या पटेल, पांड्ये व जमीनदार घराण्यांचीं दप्तरें पाहतांना रुमाल फोडून कागद वेगळे करूं नयेत. लगतच्या कागदांवरूनच बिनतारखी कागदाचा काळ बहुधा ठरतो.