कान देणारी माणसं

नांदेड शहराबाहेर, लातूरच्या रस्त्याला लागून असलेल्या विष्णुपुरीत रोज सकाळी दोन प्रकारची गर्दी उतरते. एक पाठीवर सॅक लावलेली, घाईत असलेली. ती स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा मेडिकलला जाते. दुसरी अ‍ॅटोतून सावकाश उतरते. तिच्या हातात गाठोडं, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून घडी घातलेला केसपेपर असतो. ती सरकारी दवाखान्याची वाट विचारते. पहिल्या गर्दीला शिकायचं असतं, दुसरीला बरं व्हायचं असतं. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या या दोन गर्दींत वाट विचारण्यापलीकडे फारसं बोलणं होत नाही, आणि यात तोटा शिकायला आलेल्यांचा जास्त आहे.

दवाखान्याच्या आवारात झाडाखाली चादर टाकून बसलेल्या नातेवाइकांना एकमेकांशी बोलायला ओळख लागत नाही. "कोण्या गावचे तुमी?" इथून सुरुवात होते, "काय झालंय पेशंटला?" हा दुसरा प्रश्न, आणि भाकरीचं फडकं सुटेपर्यंत घरातली सोयरीक, विहिरीचं पाणी, कर्जाचा हप्ता सगळं बोलून झालेलं असतं. नांदेड जिल्हाच असा आहे की या बोलण्यात नाना भाषा येतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडून येणाऱ्यांच्या मराठीला तेलुगूचा हेल असतो. किनवट-माहूरकडचं माणूस आपसात गोरबोलीत नाहीतर गोंडीत बोलतं. शहरातून आलेली आजी दख्खनी बोलते. एका झाडाखाली एवढ्या बोली ऐकू येणारी ठिकाणं महाराष्ट्रात फार नाहीत.

असं बोलणं कान देऊन ऐकण्याला मराठीत मोठी परंपरा आहे. किंबहुना मराठी गद्याची सुरुवातच त्यातून झाली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, 1278च्या सुमारास, म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते स्वामींना पाहिलेल्या, त्यांच्याशी बोललेल्या माणसांना गाठून. कोणी काय ऐकलं, कुठे ऐकलं, स्वामी तेव्हा काय करीत होते, हे ज्याचं त्याच्याकडून विचारून घेतलं. म्हणून त्या ग्रंथात तत्त्वज्ञान आहे तसंच जेवणखाण आहे, रुसवेफुगवे आहेत आणि शंका विचारून भंडावून सोडणारी महदाइसा आहे. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. तेव्हाही आठवणी जुळल्या नाहीत तिथे पाठभेद कुणाचा, हे नावानिशी नोंदवलं गेलं. ऐकलेलं लिहावं, पण ज्याचं त्याच्या नावावर लिहावं, ही शिस्त आपल्याकडे साडेसातशे वर्षं जुनी आहे.

अशा ऐकण्याचं उदाहरण इथे जवळच आहे. विष्णुपुरीच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. यातल्याच हिंगोली जिल्ह्यात नांदापूर हे गाव आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे, महाराष्ट्रभर गाजलेले विचारवंत नरहर कुरुंदकर 1932 साली इथे जन्मले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवत. तेव्हा राज्य निजामाचं, वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठी टिकली होती ती घरात, शेतात आणि जात्यावर. एवढा मोठा प्राध्यापक, पण तो निरक्षर बायकांच्या ओव्यांकडे वळला आणि त्या बायकांनी गायलेली रामकथा त्याने एकत्र केली.

ही रामकथा पोथीतल्या रामायणासारखी चालत नाही. ओव्यांतल्या बायकांना लंकेच्या युद्धापेक्षा सीतेचा वनवास जवळचा वाटतो. कैकेयी ही त्यांच्या लेखी राजकारण करणारी राणी नाही, ती छळणारी सासू आहे. सीता बाळंत होते तेव्हा तिच्याजवळ माहेरचं कुणी नाही, याची खंत ओवीमागून ओवी येते. गाणारी बाई रामाची गोष्ट सांगता सांगता स्वतःचं सांगून जाते आणि घरातल्या कुणालाही ते बोचत नाही, कारण ती देवाचं म्हणत असते. एरवी जे बोलायची सोय नव्हती ते बोलण्याची ही जागा होती. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसत, खुंट्यावर दोघींचे हात, एकीने ओळ उचलली की दुसरीने ती पुरी करायची. जात्याची घरघर बाहेर ऐकू जाई, शब्द मात्र आतच राहत. अशा बाईला अंगणात खुर्चीवर बसवून "म्हणा एखादी ओवी" म्हटलं तर आठवत नाही. हात खुंट्याला लागला की आठवते.

गावात पिठाची गिरणी आली आणि ही जागा गेली. ती पुरती जाण्याआधी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघे पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागातल्या कष्टकरी बायकांसोबत काम करत होते. त्यांच्या संघटनेच्या बैठकीत बोलताना बायका मध्येच ओवी म्हणत. त्या ओवीत आपल्या चर्चेपेक्षा जास्त काही आहे, हे त्यांनी ओळखलं. मग गावोगावी फिरून 3 हजारांहून अधिक बायकांकडून 1 लाखाहून जास्त ओव्या टिपल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात 1996 साली मुद्रित झालेल्या ओव्यांमध्ये तर रामाच्या जागी बाबासाहेब आहेत. ज्या बायकांना कुठल्या सभेत कधी माईक मिळाला नव्हता, त्यांचं राजकीय म्हणणं जात्यावर तयार होतं. 2017पासून हा सगळा ठेवा पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर गाणारीचं नाव आणि गाव यांसह प्रसिद्ध होत आहे.

साईनाथांची स्वतःची पत्रकारिताही याच मुशीतली. देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत हिंडून, मुक्काम करून, माणसांशी बोलून त्यांनी जे लिहिलं, त्याचं 1996 साली पुस्तक झालं. मराठीत ते 'दुष्काळ आवडे सर्वांना' म्हणून वाचलं जातं. डॉक्टरी शिकलेले अनिल अवचट आयुष्यभर निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांपासून हमालांपर्यंत सगळ्यांशी बोलत राहिले आणि तेच लिहीत राहिले. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी चेर्नोबिलच्या अपघातातून वाचलेल्यांचं बोलणं जोडून पुस्तक रचलं. त्यांना 2015चं साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा ऐकून लिहिणं हेही साहित्यच आहे, यावर जगाने शिक्का मारला.

लेखकांचं ठीक, पण इतरांना याचा काय उपयोग, असं विष्णुपुरीतला एखादा विद्यार्थी विचारेल. मेडिकलच्या मुलांना हे काम रोजच करावं लागतं. "कधीपासून दुखतंय?" या प्रश्नाला तारखेने उत्तर येत नाही. "पोळ्याच्या आधीपासून", "सोयाबीन काढायच्या टायमाला जास्त झालं" असं येतं. घाईतला विद्यार्थी त्याचे महिने करून कागदावर उतरवतो. थांबून ऐकणाऱ्याला कळतं की सुगीचे दिवस होते, मजुरी बुडाली असती म्हणून बाईने दुखणं अंगावर काढलं. आजार का वाढला याचं अर्धं उत्तर त्या वाक्यात असतं. अभियांत्रिकीच्या मुलांनी गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या कालव्याखालचा शेतकरी गाठावा. पाणी उचलून देणारी ही योजना नकाशावर कशी आहे ते वर्गात शिकता येतं. पाणी शेवटच्या वावरापर्यंत कधी पोचतं आणि रात्री लाइट आली की कोण उठून मोटार चालू करतं, हे तोच सांगेल.

एक पथ्य मात्र पाळलं पाहिजे. दवाखान्यातलं माणूस अडचणीत असतं. त्याचं दुःख म्हणजे आपल्या गोष्टीचा कच्चा माल नव्हे. आधी मदत, मग विचारपूस, आणि लिहायचं असेल तर परवानगी. लपवून केलेलं रेकॉर्डिंग आणि नाव गाळून आपलं म्हणून खपवलेलं वाक्य, दोन्ही चोरीच.

आणि सुरुवात परक्यापासून करायची गरजही नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी घरातल्याच मुलांनी उतरवून घेतली होती, म्हणून त्या गेल्यानंतर 1952 साली महाराष्ट्राला ती वाचायला मिळाली. विष्णुपुरीत शिकणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या आज्या अजून गावाकडे आहेत, आणि जात्याला हात लावलेली ही शेवटची पिढी आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा तासभर तिच्याजवळ बसा, तिला विचारून फोनवरचं रेकॉर्डिंग चालू करा आणि मध्ये बोलू नका. फाइलला तिचं नाव, गाव आणि तारीख द्या. एक प्रत घरी ठेवा आणि तिची हरकत नसेल तर दुसरी परत येताना मराठीच्या आपल्या मास्तरांकडे आणून द्या.