मोजणाऱ्या यंत्राची मोजणी

भूमी अभिलेख विभागाचा भूकरमापक बांधावर तिपाई रोवतो, वर ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मशीन चढवतो आणि पलीकडे प्रिझम धरलेल्या माणसापर्यंतचं अंतर काही सेकंदांत सांगतो. तो आकडा बरोबर कशावरून? अशी यंत्रं ठरावीक काळाने ज्ञात लांबीच्या आधाररेषेवर तपासतात. मग ती आधाररेषा कोणी मोजली, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना केर्न मेकोमीटर एमई ५००० या जुन्या स्विस यंत्राशी गाठ पडते. ते १९८०च्या दशकातलं. त्याचं उत्पादन केव्हाच थांबलं आणि केर्न कंपनीही राहिली नाही. तरी या शतकातही ते वापरात राहिलं, कारण त्याची चूक किलोमीटरमागे अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते.

प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. थेट वेळ मोजून इतकी अचूकता गाठणं फार कठीण. म्हणून मेकोमीटर लेझरच्या प्रकाशात सेकंदाला सुमारे ४७ कोटी वेळा बदल घडवतो आणि परतलेला प्रकाश जाणाऱ्याशी नेमका जुळेपर्यंत ही वारंवारता सरकवत नेतो. मग त्या वारंवारतेवरून अंतर काढतो.

प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या या यंत्रघराण्याचा मूळपुरुष जिओडिमीटर. स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रँडने तो प्रकाशाचा वेग मोजण्यासाठी उभारला होता. वेग नेमका कळल्यावर त्याच यंत्राने अंतर मोजता येऊ लागलं.

पण मेकोमीटरही कशावर तरी तपासावा लागतो. त्यासाठी फिनलंडमधल्या नुम्मेला इथे ८६४ मीटरची आधाररेषा आहे. १९४७ साली ती प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने मोजली गेली. एक मीटरच्या क्वार्ट्झ दांड्यापासून सुरुवात करून लांबी टप्प्याटप्प्याने ८६४ पट वाढवत नेली. तिची अचूकता मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक आहे. इथे तपासलेला मेकोमीटर मग लिथुआनिया, एस्टोनिया अशा देशांत नेऊन तिथल्या आधाररेषा मोजल्या गेल्या.

शेताच्या बांधाला एवढी बारकाई लागत नाही. धरणाची भिंत सरकते का हे पाहताना मात्र मिलिमीटरच बोलतो, आणि तिथे हवा आडवी येते. हवेच्या तापमानाप्रमाणे प्रकाशाचा वेग बदलतो, त्यामुळे तापमानाच्या नोंदीत एक अंशाची चूक झाली की किलोमीटरमागे एक मिलिमीटर हातचा जातो. म्हणून रेषेच्या कडेने जागोजागी तापमापकं लावावी लागतात. ही कसोटी बहुतेक नव्या यंत्रांनाही सुटलेली नाही.

मेकोमीटरची अडचण वेगळीच आहे. उरलेली यंत्रं मोजकी, सुटे भाग दुर्मीळ आणि दुरुस्ती जाणणारी माणसं त्याहून दुर्मीळ. म्हणूनच जर्मनीची पीटीबी आणि फ्रान्सची सीएनएएम या मापनशास्त्रात काम करणाऱ्या संस्थांनी त्याच्या तोडीची नवी यंत्रं घडवायला घेतली.