फवारणीची भीती, खर्‍याची सवय

इचोडा हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं बाजाराचं गाव. कपडा घ्यायला उभं राहिलं तर एका दुकानात तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी आणि दखनी उर्दू सगळं कानावर पडतं. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची फेररचना झाली, तालुके महाराष्ट्रात गेले, सोयरिकी तशाच राहिल्या. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे कपाशी तीच, सोयाबीन तेच, अंबाडीची भाजी तीच. आणि पांढरकवडा, वणी, चंद्रपूरकडची सुपारी-तंबाखूच्या खर्‍याची सवयही तीच.

या पट्ट्यात कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की बसलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘औषधं मारून मारून जमीन विषारी झाली, दुसरं काय होणार?’ भीती खोटी नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले, वीसहून अधिक जण दगावले. ते कुणी विसरलेलं नाही. पण ती तीव्र विषबाधा होती. कॅन्सरचा हिशोब वेगळा असतो, तो दहा-वीस वर्षांनी चुकता होतो. आणि या भागात त्या हिशोबातली सगळ्यात मोठी रक्कम फवारणी पंपाच्या नावावर नाही. गंमत अशी, की फवारणीवर तावातावानं बोलणार्‍याच्या गालात त्या वेळी बहुधा खर्‍याचा तोबरा असतो.

खर्रा बनताना एकदा नीट पाहावा. पानटपरीवाला प्लास्टिकच्या पन्नीवर कातरलेली सुपारी टाकतो, वर तंबाखू, वर बोटानं चुना. पन्नी गुंडाळतो आणि फळीवर तळहाताखाली घोटत राहतो. चुना सुपारीला लागतो, माल ओलसर, गरम होतो. गिर्‍हाईक पन्नी उघडून चिमूटभर गालात सारतं आणि ते तिथे तासभर राहतं. यात चुना नुसता चवीला नसतो. त्यानं तोंडातला क्षार वाढतो आणि निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्यानं रक्तात जातं. सवय पक्की होते ती इथे. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स पेशींच्या डीएनएला इजा करतात. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या थरात तंतू वाढवतं, मऊ गाल पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. आधी तोंडाला तिखट सोसत नाही, मग मोठा घास जात नाही, मग तीन बोटं उभी तोंडात मावत नाहीत. याला डॉक्टर सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तो कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या वाटेवरचा थांबा आहे, आणि ताठ झालेला गाल पूर्ववत होत नाही.

‘मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ असं अभिमानानं सांगणारे बरेच भेटतात. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिनं 2004 मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेले पदार्थ.

या गटांबद्दल एक खुलासा करायलाच हवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फार गोंधळ असतो. गट हा पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांसही 2015 पासून पहिल्या गटात आहे आणि तंबाखूही. म्हणून दोन्ही सारखेच घातक ठरत नाहीत. ग्लायफोसेट हे तणनाशक 2015 पासून त्याच्या खालच्या, ‘बहुधा कारक’ गटात आहे. त्याच खालच्या गटात चुलीचा लाकडी धूर आहे आणि 65 अंशांपेक्षा गरम चहासुद्धा.

आता आकडे. भारतातल्या एकूण कॅन्सरपैकी सुमारे 27 टक्के तंबाखूशी निगडित आहेत, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा 2020 चा अहवाल सांगतो. पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात वर आहे. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते; ओढणारे फक्त 3.8 टक्के, खाणारे-चघळणारे 24.4 टक्के. तेलंगणाचा एकूण आकडा बराच कमी, 17.8 टक्के. पण राज्याची सरासरी काढताना हैदराबाद आणि आदिलाबाद एकाच टोपलीत पडतात. विदर्भाला खेटून असलेल्या गावांनी त्या सरासरीवर समाधान मानू नये.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेलं नाही. शरद पवारांवर 2004 मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल ते जाहीर सभांतून बोलत आले आहेत. महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कॅन्सरनं 2015 मध्ये गेले, वय अवघं 57.

महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटखा बंद केला, तेलंगणातही बंदीचे आदेश निघत आले आहेत. खर्‍याचं दुखणं असं की तो कारखान्यात बनतच नाही. टपरीवर, गिर्‍हाइकासमोर, मागणीनुसार बनतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 2016 पासून सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्यासोबत ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालवलं. त्यात भर गावाच्या निर्णयावर आहे: गावानं ठरवायचं, टपरीवर खर्रा घोटायचा की नाही. आदिलाबादच्या गोंड गुड्यांत पटेल आणि पंचांचा शब्द अजून चालतो. तिथे हे जमू शकतं, असं माझं मत आहे. कायद्याच्या बडग्यापेक्षा लवकर जमेल.

खिशाचा हिशोबही सोपा आहे. पुडी वीस रुपयांची धरा आणि दिवसाला तीन. वर्षाचे 21,900 रुपये झाले. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता. म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल कापूस गालात गेला.

याच भागात तंबाखू हे पोटही आहे. आदिलाबादच्या जंगलातून उन्हाळ्यात तेंदूपत्ता निघतो, निर्मल-निजामाबादकडे हजारो बाया घरी बसून बिड्या वळतात. तेलंगणा सरकार बिडी कामगारांना दरमहा पेन्शन देतं, 2019 पासून 2,016 रुपये. तंबाखूची धूळ दिवसभर नाकात घेणार्‍या बाईला ‘सोड हे काम’ म्हणणं सोपं असतं. दुसरं काम कोण देणार ते विचारलं की सांगणारे उठून जातात. जमेल तिथे खिडकीशी बसावं, नाकाला फडकं बांधावं, तंबाखूचं सूप अंथरुणापासून आणि लेकरांपासून लांब ठेवावं. यापलीकडचं काम सरकारचं आहे.

फवारणीकडे परत येतो, कारण तिथेही काळजी घ्यायची आहेच. ग्लायफोसेटबद्दल संशोधकांत एकमत नाही. अमेरिकेत पन्नास हजारांहून जास्त फवारणी करणार्‍यांच्या 2018 च्या अभ्यासात लसिका ग्रंथींच्या कॅन्सरशी त्याचा स्पष्ट संबंध दिसला नाही; इतर काही अभ्यासांत दिसला. वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही. औषध हातानं ढवळू नये. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकर मारायची वाईट खोड सोडावी. वार्‍याकडे पाठ ठेवावी. फवार्‍याचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवायला देऊ नयेत. ते धुणारी बाई त्या दिवशी शेतात गेलेलीही नसते. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल भरू नये. आणि ज्या बोटांनी औषध मोजलं त्याच बोटांनी खर्रा गालात सारला जातो, तेव्हा दोन्ही विषं एका घासात जातात. फवारणीच्या दिवशी तरी पुडी घरी ठेवून जावी, इतकं पहिलं पाऊल कुणालाही जमेल.

चुलीबद्दल थोडक्यात. पर्‍हाटीच्या धुरात रोज दोन वेळा बसणार्‍या बाईच्या फुप्फुसात काय जातं हे सांगायला प्रयोगशाळा नको. उज्ज्वला योजनेचं सिलिंडर आलं तरी भाकरी अजून बर्‍याच घरी चुलीवरच होते. निदान चूल पडवीत आणावी, वर धुराडं काढावं.

खाण्याबद्दल लोक फार विचारतात आणि तिथे माझं उत्तर त्यांना फिकं वाटतं. ज्वारीची भाकरी, तूर, अंबाडी, शेताच्या बांधावरच्या पालेभाज्या, मोसमातली फळं हे जुनं जेवण चांगलंच होतं. त्यात चोथा भरपूर, आतड्याला हितकर. रेशनचा तांदूळ आला तशी ज्वारी मागे पडली. आठवड्यात चार दिवस भाकरी परत आली तर बरं. पोट सुटणं हाही धोका आहे, लठ्ठपणाचा तेरा प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे. बुरशी लागलेले शेंगदाणे, मका निवडून खाऊ नयेत, फेकावेत. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कॅन्सरला कारण होतं. दारूही पहिल्या गटातली. देवाला दाखवलेली मोहाची धार आणि रोज संध्याकाळची बाटली यांत फरक आहे. खर्‍यासोबत दारू असली की तोंडाचा धोका कित्येक पटींनी चढतो. पण हळद, लिंबू, कडुनिंब यांनी झालेला कॅन्सर बरा होतो हे खरं नाही. 2024 च्या नोव्हेंबरात असा एक दावा गाजला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढून लोकांना सावध करावं लागलं. जेवणानं धोका थोडा कमी होतो. गाठ जात नाही.

बायांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मराठवाड्यानं जगाला शिकवली आणि आपल्याकडे तिची चर्चा जवळजवळ झाली नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं, टाटा मेमोरियल आणि आयएआरसीच्या सोबतीनं, 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या एक लाख तीस हजारांवर बायांचा अभ्यास केला. काहींची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, काहींची इतर पद्धतींनी, काही नेहमीच्या सेवेवर राहिल्या. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच! खेड्यातल्या बाया, फाटके रस्ते, साधे दवाखाने, तरीही. जगभरात आज ही तपासणी पुढे केली जाते, त्यामागे या गावांतल्या बायांचा मोठा वाटा आहे. शिवाय 9 ते 14 वयाच्या मुलींना देता येणारी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची भारतीय लस 2023 मध्ये बाजारात आली.

तोंडाची तपासणी त्याहून सोपी. केरळात तिरुवनंतपुरमजवळ झालेल्या मोठ्या अभ्यासात आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासलं. तंबाखू किंवा दारू घेणार्‍यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं घटले. घरी आरसा आणि मोबाइलचा उजेड पुरतो. गाल बोटानं ओढून आतून पाहा, जीभ उचलून खाली पाहा, कडा पाहा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, न उघडणारं तोंड यांपैकी काहीही दिसलं तर दाताच्या डॉक्टरकडे जा. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी तिशीपुढच्यांसाठी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात तंबाखू-दारूचा प्रश्न असतो आणि कमरेचं मापही. त्यांना खोटं सांगू नका. पुढचे उपचार लागलेच तर दक्षिणेला हैदराबादचं एमएनजे, उत्तरेला नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय. दोन्ही वाटा इचोड्यावरून एकाच महामार्गानं जातात, पण उशिरा निघालेल्यांची गर्दी त्यांवर जास्त असते.

सिगारेटच्या पाकिटावर, तंबाखूच्या छापील पुडीवर एप्रिल 2016 पासून 85 टक्के जागा धोक्याच्या चित्राला द्यावी लागते. पुढे त्यावर तंबाखू सोडण्यासाठी मदतीचा नंबरही छापला जाऊ लागला. टपरीवरच्या खर्‍याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून तो नंबर इथे देतो: 1800-11-2356. फोन फुकट आहे आणि मराठीत, तेलुगूत बोलणारा माणूस मिळतो.