हवेंतील कर्बवायु, अवर्षण आणि मका

कर्बवायु, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड, हें वनस्पतींचें अन्न. तेव्हां हवेंत तो जितका वाढेल तितकें पीक अधिक, असा हिशेब सहज मांडला जातो. गहूं, भात यांच्या बाबतींत तो बऱ्याच अंशीं जुळतो. मक्याच्या बाबतींत मात्र फसतो.

हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर सन १९५८ मध्यें मोजणी सुरू झाली, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. मक्याला या वाढीचें फारसें अगत्य नाहीं. ऊंस व ज्वारी यांच्याप्रमाणेंच त्याच्या पानांत शिरांभोंवतीं जाड पेशींचें एक कडें असतें. बाहेरच्या पेशी कर्बवायु पकडून या कड्यांत पोंचवितात, त्यामुळें तेथें तो आधींच भरपूर सांठलेला असतो. भरल्या रांजणांत आणखी पाणी ओतून काय होणार? अमेरिकेंतील इलिनॉय येथें सन २००४ मध्यें उघड्या शेतांत हें प्रमाण ५५० पर्यंत वाढवून मका पिकविण्यांत आला. त्या वर्षीं पाण्याची ओढ नव्हती, आणि उत्पन्नांत वाढ दिसली नाहीं.

लाभ होतो तो पाण्याचा. वायु विपुल असला कीं पानांवरील सूक्ष्म छिद्रें थोडीं मिटतात, बाष्प कमी उडतें व जमिनींतील ओल अधिक दिवस पुरते. अवर्षणांत ही काटकसर मोलाची खरी.

परंतु अमेरिकन कृषिखात्याच्या संशोधकांनीं सन २०१४ व २०१६ मध्यें जें प्रसिद्ध केलें, तें या समाधानाला बाध आणणारें आहे. वायूचें प्रमाण दुप्पट करतांच फ्युझेरियम नांवाची बुरशी मक्याच्या खोडांत अधिक माजली. कारण तिला अडविण्यासाठीं झाड जीं संरक्षक द्रव्यें ऐन वेळीं तयार करतें, तीं कमी निर्माण झालीं. त्यांत पाणीही तोडलें, तेव्हां ती आणखी फोंफावली व फ्युमोनिसिन हें तिचें विष वाढलें. मुळांतील संरक्षक द्रव्यें मात्र घटलीं नाहींत. झाड आपलें बळ मुळांकडे वळवीत असावें व म्हणून खोड उघडें पडत असावें, असा त्यांचा तर्क आहे.

हें विष घोड्यांच्या मेंदूस घातक असतें. माणसांसही तें बाधतें. सन १९९५ मध्यें दख्खनच्या पठारावरील कांहीं खेड्यांत, पावसांत भिजून बुरशी लागलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी व हगवण लागली होती. तेथें निमित्त पावसाचें होतें; विष तेंच. भाकरी भाजल्यानें तें पुरतें जात नाहीं. बुरशी लागलेलीं कणसें मळणीपूर्वीं वेगळीं काढणें व दाणे नीट वाळल्याखेरीज पोत्यांत न भरणें, हे उपाय तूर्त शेतकऱ्याच्या हातचे आहेत.