‘प्लांट्स व्हर्सेस झोम्बीज’: किल्ला बागेचा, कोडे सूर्यप्रकाशाचे

सुट्ट्या लागल्या की रायपूरच्या शंकर नगरातील मराठी घर असो वा नागपूरच्या धरमपेठेतील, पालकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. मुलांच्या हातातील हा खेळ डोक्याला चालना देणारा आहे, की निव्वळ वेळ खाणारा? सर्व संगणकीय खेळांना लागू पडेल असे या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. मात्र एखाद्या खेळाची नीट उलटतपासणी केली, तर उत्तर कुठे शोधायचे हे कळू शकते. त्यासाठी मे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘प्लांट्स व्हर्सेस झोम्बीज’ हा खेळ सोयीचा आहे. तो ‘टॉवर डिफेन्स’ या प्रकारात मोडतो, पण त्याची घडण बरीचशी कोड्यासारखी आहे.

‘टॉवर डिफेन्स’ म्हणजे बुरुजांच्या आधारे केलेला बचाव. शत्रूच्या तुकड्या ठरलेल्या वाटेने येत राहतात. खेळाडूने स्वतः लढायचे नसते. वाटेच्या कडेला योग्य ठिकाणी, योग्य वेळी मारा करणारे बुरूज उभारायचे असतात. ज्यांनी रायगडाचा महादरवाजा पाहिला आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. दोन भक्कम बुरुजांच्या आड दडलेल्या त्या दरवाजापर्यंत पोहोचायचे, तर वळण घेऊन माऱ्याच्या टप्प्यातून जावे लागते. शत्रूला आपल्या सोयीच्या वाटेवर आणणे, हे त्या गोमुखी रचनेचे मर्म आहे.

संगणकावर या प्रकाराची पूर्वचिन्हे अटारी कंपनीच्या ‘रॅम्पार्ट’ या १९९० मधील खेळात दिसतात. पुढे ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळासाठी हौशी खेळाडूंनी तयार केलेल्या नकाशांमधून तो रुजला. २००७ मध्ये पॉल प्रीस यांच्या ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’मुळे तो इंटरनेटवर घरोघरी पोहोचला. त्या खेळात वाट आखून दिलेली नव्हती. खेळाडूने बुरूज अशा रीतीने रचायचे, की त्यांचाच चक्रव्यूह तयार होऊन शत्रूला लांबचा फेरा पडावा.

‘प्लांट्स व्हर्सेस झोम्बीज’ने हा चक्रव्यूहच काढून टाकला. पॉपकॅप गेम्स या अमेरिकन कंपनीसाठी जॉर्ज फॅन यांनी रचलेल्या या खेळात घरापुढचे अंगण हेच रणांगण आहे. अंगणाचे पाच आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात नऊ घरे. उजवीकडून झोम्बी, म्हणजे चालती प्रेते, सरळ रेषेत घराकडे येतात. बुरुजांच्या जागी झाडे आहेत. मटारांचा मारा करणारे झुडूप, वाट अडवणारे अक्रोड, जमिनीत दबा धरून बसलेला बटाटा. शत्रूने डोक्यावर बादली घातली असेल, तर तो अधिक मार सोसतो. हातात बांबू असेल, तर तो पहिले झाड उडी मारून ओलांडतो. काय चालले आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. वाटेचे कोडे गेले, त्याची जागा खर्चाच्या कोड्याने घेतली.

आईला जमेल असा खेळ

प्रत्येक झाडाची किंमत ‘सूर्यप्रकाशा’त मोजली जाते. आकाशातून थोडा प्रकाश आपोआप पडतो, बाकीचा सूर्यफुले लावून मिळवावा लागतो. सूर्यफुलाला ५० आणि मटारांचा मारा करणाऱ्या झुडुपाला १०० एकक प्रकाश लागतो. शत्रू दारात येण्यापूर्वी किती गुंतवायचे आणि संरक्षणावर किती खर्च करायचे, हा या खेळातील कळीचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही तो परका वाटू नये.

हा हिशेब नवख्या माणसाला शिकवायचा कसा? २०१२ च्या ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’मध्ये फॅन यांनी दिलेल्या व्याख्यानाचा विषयच, आपल्या आईला हा खेळ शेवटपर्यंत कसा खेळायला लावला, हा होता. पडद्यावर एका वेळी आठांहून अधिक शब्द नसावेत, असे पथ्य त्यांनी सांगितले. पहिल्या टप्प्यात अंगणाचा एकच पट्टा आणि एकच झाड मिळते, दुसऱ्यात तीन पट्टे आणि सूर्यफूल. चाचणीत लोक सूर्यफुले लावायला राजी होत नव्हते, म्हणून त्यांची किंमत १०० वरून ५० करण्यात आली आणि त्यानुसार सगळ्या खेळाचा तोल पुन्हा साधावा लागला. सूचनांची भेंडोळी न वाचता माणूस नियम शिकतो, हे या खेळाचे मोठे बलस्थान आहे. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या मुलालाही म्हणूनच तो अडवत नाही.

चुकीला थोडी माफीही आहे. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला गवत कापण्याचे एक यंत्र उभे असते. शत्रू तिथवर आला, तर ते एकदाच धावून त्या पट्ट्यातील सर्वांना साफ करते. दुसऱ्या चुकीला क्षमा नाही.

उत्तर सापडले की कोडे संपते

खेळाचा कमकुवतपणा याच सोपेपणातून येतो. मुख्य मोहिमेत ५० टप्पे आहेत: दिवस, रात्र, जलतरण तलाव, धुके आणि छप्पर अशा पाच ठिकाणी प्रत्येकी दहा. डावीकडे सूर्यफुलांच्या दोन रांगा, त्यांच्यापुढे मारा करणारी झाडे आणि सर्वांत पुढे अक्रोड, ही मांडणी एकदा गवसली की ती किरकोळ फेरफारांनी बहुतेक ठिकाणी चालते. सूर्यफुले भरपूर झाली की प्रकाश ओसंडून वाहू लागतो आणि निवड करण्याची गरजच उरत नाही. प्रत्येक टप्प्याच्या आरंभी तीच पेरणी, तीच वाट पाहणे. सुरुवातीचे टप्पे तर सरावलेल्या खेळाडूला अक्षरशः कंटाळवाणे वाटतात.

साधने मोजकी असतात तिथे मात्र हाच खेळ एकदम जागा होतो. काही टप्प्यांत झाडे निवडता येत नाहीत. सरकत्या पट्ट्यावरून जे हाती येईल, त्यावर भागवावे लागते. कोड्यांसाठी राखून ठेवलेल्या विभागात याहून सरस नमुने आहेत. एका प्रकारात अंगणात मडकी मांडलेली असतात. फोडल्यावर त्यातून झाड निघेल की शत्रू, हे ठाऊक नसते. दुसऱ्यात बाजूच उलटते. झाडे आधीच मांडलेली असतात आणि केवळ १५० एकक प्रकाश हाती घेऊन खेळाडूने झोम्बी पाठवायचे असतात. सूर्यफूल खाल्ले तरच पुढचा प्रकाश मिळतो. त्यामुळे कोणत्या पट्ट्यातून आधी शिरायचे, याचा खरोखर विचार करावा लागतो. संपूर्ण खेळातील सर्वोत्तम भाग तो हाच, पण मुख्य मोहिमेच्या वाटेने जाणारे अनेकजण तिथे फारसे रेंगाळत नाहीत.

टंचाई आणि तिची किंमत

जुलै २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पॉपकॅप विकत घेण्याचा करार केला. ऑगस्ट २०१३ मध्ये मोबाइलसाठी दुसरा भाग आला. तो फुकट होता, मात्र काही झाडे खऱ्या पैशांनी विकत घ्यावी लागत. शत्रूला बोटाने चिमटून वा उचलून फेकण्याच्या शक्तीही त्यात आल्या. त्या नाण्यांच्या मोबदल्यात मिळत आणि नाणी पैसे देऊनही घेता येत. पहिल्या भागाच्या संगणकावरील आवृत्तीतही दुकान होते, पण तिथली नाणी खेळूनच मिळवावी लागत. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. मात्र अडचण पैशांनी सोडवता येऊ लागली, की ती अडचण विचार करायला लावण्यासाठी ठेवली आहे की खिशात हात घालायला लावण्यासाठी, हे खेळाडूला सांगता येत नाही. मोबाइलवरील पहिला भागही पुढे जाहिरातींसह फुकट देण्यात आला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्याच भागाची सुधारित आवृत्ती ‘रिप्लांटेड’ या नावाने प्रसिद्ध झाली. नव्याने सुरुवात करणाऱ्या घरांत मोहिमेचे पहिले दहा टप्पे लहान मुलांना पुरेसे आहेत. मोठ्यांनी मोहीम पुढे नेऊन कोड्यांचा विभाग खुला होताच तिकडे वळायला हरकत नाही.