सागरतळाचे रहिवासी आणि तळावरील खनिजे

1843 मध्ये एडवर्ड फोर्ब्स ह्या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने असा कयास मांडला की, सुमारे 550 मीटरांच्या खाली समुद्रात जीवसृष्टी नसावी. वरकरणी तो पटण्यासारखा होता. दर दहा मीटरांमागे पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. हजार मीटरांखाली सूर्यप्रकाशाचा लवलेशही उरत नाही. वनस्पती नाहीत, म्हणून अन्नही नाही. तरीही फोर्ब्सचा हिशेब चुकला, आणि तो किती चुकला हे अजूनही पुरते मोजून झालेले नाही.

पॅसिफिक महासागरात 600 ते 800 मीटरांवर एक मासा राहतो. त्याचे डोके काचेसारखे पारदर्शक असून आतील नळीच्या आकाराचे हिरवे डोळे वरच्या दिशेने रोखलेले दिसतात. जाळ्यातून वर आणताना ते नाजूक आवरण फाटून जाई. त्यामुळे कित्येक दशके त्याचा कोणास पत्ताच नव्हता. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दूरनियंत्रित यानाच्या कॅमेऱ्यातून हा मासा जिवंत पाहिला, तेव्हा हे डोळे त्या आवरणाच्या आत फिरू शकतात हे उघड झाले.

जवळपास त्याच खोलीवर ‘व्हॅम्पायर स्क्विड’ आढळतो. 1903 मध्ये त्याला नाव मिळाले ते थेट नरकातील रक्तपिपासू पिशाच्चाचे. काळपट लाल अंग आणि बाहूंना जोडणारा झग्यासारखा पडदा पाहून हे नाव सुचले असावे. प्रत्यक्षात हा जीव कोणाचेही रक्त शोषीत नाही. वरच्या थरांतून मृत जीवांचे कण, विष्ठा आणि चिकट द्रव्य बर्फाच्या भुरभुरीसारखे सतत खाली झरत असते. दोन लांब तंतूंनी ते टिपावे, त्याचा गोळा करावा आणि खावा, एवढाच त्याचा उदरनिर्वाह असल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. नामकरण करणाऱ्यांनी त्याच्यावर अन्यायच केला म्हणायचा!

खोलीचा विक्रम मात्र एका मऊ, खवले नसलेल्या स्नेलफिश माशाकडे आहे. 2022 मध्ये जपाननजीकच्या सागरी गर्तेत 8,336 मीटरांवर त्याचे चित्रीकरण झाले.

ह्या सर्वांत विलक्षण म्हणावी अशी प्राणी-जात हिंदी महासागरातीलच आहे. मॉरिशसच्या आग्नेयेस, सुमारे 2,400 मीटर खोलीवर, तळाच्या भेगांतून तापलेले खनिजयुक्त पाणी उसळते. 2001 मध्ये तेथे एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवल्यांचे चिलखत असून त्यावर लोह सल्फाइडचा काळा थर असतो. सांगाड्यात लोह सल्फाइड वापरणारा दुसरा प्राणी ज्ञात नाही. तिच्या अन्ननलिकेलगतच्या मोठ्या ग्रंथीत जिवाणू राहतात आणि तेच तिला पोसतात. त्यांना प्राणवायू पुरवावा म्हणून की काय, तिचे हृदय शरीराच्या आकारमानाच्या सुमारे 4 टक्के एवढे मोठे आहे. दुसऱ्या एका स्थळी पाण्यात लोह कमी आहे. तेथील ह्याच जातीच्या गोगलगाई पांढऱ्या आहेत.

2019 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ह्या गोगलगाईची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून केली. सागरतळावरील खाणकामाच्या धोक्यामुळे अशी नोंद होणारी ही पहिलीच जात. तेव्हा तिच्या केवळ तीन वसाहती ज्ञात होत्या आणि त्यांचे एकत्रित क्षेत्र सुमारे पाच एकर भरत होते. त्यांतील दोन ठिकाणे खनिज-अन्वेषणाच्या परवान्यांखाली आली होती.

खनिजांचे आकर्षण नवे नाही. 1981 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून धातूंचे गोळे प्रथम वर आणले. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबे असा ऐवज असलेले हे बटाट्याएवढे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटरांत त्यांच्या अन्वेषणाचा हक्क भारताकडे आहे. 2016 च्या दुसऱ्या कराराने सल्फाइड खनिजांसाठी आणखी 10,000 चौरस किलोमीटर मिळाले. बॅटऱ्यांसाठी ह्या धातूंची गरज आहे, हा युक्तिवाद पोकळ नव्हे. परंतु ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूसही काही रकमा आहेत. पेरूच्या समुद्रात चार हजार मीटरांहून अधिक खोलीवर, ह्याच गोळ्यांवर उगवलेल्या स्पंजांच्या दांड्यांना फिकट रंगाचे ऑक्टोपस अंडी चिकटवतात आणि त्यांच्याभोवती बाहू वेढून बसतात. गोळा उचलला की दांडा गेला, आणि अंड्यांची जागाही गेली.

त्याच समुद्रात 1989 मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून तळ नांगरला होता. 2015 मध्ये ते पुन्हा पाहावयास गेले, तेव्हा नांगराच्या चऱ्या जशाच्या तशा स्पष्ट दिसत होत्या. आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाची उत्खनन-नियमावली 2025 संपेपर्यंतही तयार झालेली नव्हती.